डाव्या बाजूची बिजागरी

लोटन मिस्त्रीने सगळ्यांसमोर आपली हत्यारांची पेटी जमिनीवर उलटी केली. पाने, पक्कड, हातोडी, एक मळका टॉवेल, बायकोने दिलेली लोणच्याची डबी. मग जेवणाची पिशवी झटकली. मग खिसे. "आता कपडेही काढू का शेठ?" त्याने विचारलं. गॅरेजमधून गाडीची एक बिजागरी नाहीशी झाली होती.

शेठ माझ्याकडे वळले. "मासी, तमे कंई जोयुं?" काही पाहिलं का, असं विचारत होते.

मी सुईत दोरा ओवत होते. मान वर केली आणि म्हटलं, "परवा संध्याकाळी ह्याच्या पिशवीत काहीतरी जड होतं. हात बदलत बदलत चालला होता."

खोटं. शब्दन् शब्द खोटा.

माझ्या पोटच्या मुलीलाही मी हे कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते आहे, एवढंच.

गाडी अमेरिकेची होती. लांबलचक, कापडी टपाची. टप घडी होऊन मागे बसायचा. शेठच्या वडिलांनी हौसेने घेतलेली, मग सुरतेजवळ कामरेजच्या शेतावर शेडमध्ये पडून राहिली. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालायच्या. शेठच्या मनात आलं की ती पुन्हा रस्त्यावर आणायची. उधन्याच्या गॅरेजमध्ये ती लोटनच्या ताब्यात आली. लोटन धुळ्याकडचा, माझ्या माहेरच्या बाजूचा. मला मावशी म्हणायचा. टपासाठी शेठ मुंबईचा कारागीर आणणार होते. लोटनच म्हणाला, "आमच्या मावशींना द्या. असा हात मुंबईत नाही."

ते खरं होतं. मी चौथी शिकलेली बाई, पण तीस वर्षं रिक्षांचे हूड शिवत आले होते. माझा हूड पावसात गळला असं म्हणणारा एक रिक्षावाला उधन्यात दाखवा.

टप दोन बिजागऱ्यांवर मागे जातो. त्यातली डावी गाडीत नव्हतीच. उजवीसारखी दुसरी करून चालत नाही, दोघींची वळणं उलटी. लोटनला अस्सल जुनीच हवी होती, तिच्यासाठी त्याने एक वर्ष घातलं. मोबाइलवर कुठे कुठे फोटो पाठवले, भंगारबाजार पालथे घातले, कोणी सांगेल तिथे गेला. शेवटी इंदूरला एका बंद गॅरेजच्या माळ्यावर ती सापडली. रेल्वेत बसायला जागा नव्हती तरी बाईने तान्हं पोर आणावं तशी छातीशी धरून घेऊन आला. फळीवर ठेवली आणि मला म्हणाला, "मावशी, हाई काचनं शे असं समजा. दिसतं लोखंड, पण आतून बिस्कीट. हात लावू नका."

मी ऐकलं नाही का? ऐकलं. समजलंही. मग हात का लावला?

माझी कामाची एक रीत आहे. टपाचं कापड शिवण्याआधी ओलं करून कमानींवर टाकायचं आणि कडांना वजनं टांगून एक दिवस तसंच सोडायचं. कापडाला जेवढं ताणायचं तेवढं ते ताणून घेतं. मग शिवलं की सुरकुती पडत नाही. रिक्षाच्या कामात वजन म्हणून हाताला येईल ते चालतं — मोडका गिअर, जुनं बेअरिंग — चिंधीत बांधायचं आणि लटकवायचं. त्या दिवशी डाव्या कोपऱ्याला एक वजन कमी पडलं. लोटन जेवायला गेला होता. बिजागरी समोरच होती, आणि वजनही नेमकं हवं तेवढं. लोखंडासारखी दिसते, लोखंडासारखी जड आहे, मग लोखंडच की! रिक्षात आयुष्य गेलं माझं, हा काय मला लोखंड शिकवतो? — असंच मनात आलं. तसंच सांगते.

बांधली आणि टांगली. गाठ सुटली नाही, माझी गाठ सुटत नाही. चिंधीच फाटली. फरशीवर पडून बिजागरीचे दोन तुकडे झाले. आवाजसुद्धा फार मोठा झाला नाही.

तेव्हाच बोलायचं होतं. काय झालं असतं? लोटन चिडला असता, दोन दिवस बोलला नसता. शेठने फार तर मला काढलं असतं. पण मग सगळ्या उधन्यात झालं असतं — बाईच्या हाती गाडी दिली आणि बाईने वाट लावली. नवरा गेल्यावर मी ह्या हातांच्या नावावर घर चालवलं होतं. त्या नावाला डाग लागू द्यायचा नव्हता. तुकडे मी माझ्या जेवणाच्या पिशवीत घातले आणि घरी जाताना खाडीच्या पुलावरून टाकले. पिशवी जड होती. हात बदलत बदलत चालले.

दोन दिवसांनी बिजागरी शोधायला सुरुवात झाली, आणि शेठने मला विचारलं. मला कोणाचा संशय नव्हता. मी "नाही पाहिलं" एवढंच म्हणाले असते तरी भागत होतं. तरी मी लोटनची पिशवी का पुढे केली? शोध थांबावा म्हणून. माझ्यापर्यंत यायच्या आधी तो कोणावर तरी थांबायला हवा होता.

शेठने पोलिसांत दिलं नाही. त्याला काढलं, आणि कोणी विचारलं की का काढलं ते सांगत राहिले. पुढे त्यांनी उजव्या बिजागरीवरून उलटा साचा करवून डावी पितळेची ओतून घेतली. टप मी पूर्ण केला. उत्तम झाला, उगाच कमी कशाला सांगू? गाडी रस्त्यावर निघाली तेव्हा लोकांनी टपाचे फोटो काढले.

आणखी एक आहे. ते याहून वाईट.

चार-पाच महिन्यांनी एका हळदीत लोटनची बायको अलका माझ्याशेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "मावशी, शपथ घालत नाही. तुम्ही पिशवी खरंच पाहिली का? ते म्हणतात, मावशी खोटं बोलायच्या नाहीत, त्यांना डबाच जड वाटला असेल. पण मला आता — मला काही कळेनासं झालंय."

इथे शेठ नव्हते. काम संपलं होतं. माझं काही जाणार नव्हतं. समोर एक बाई होती, नवऱ्यावर विश्वास ठेवू की नको एवढंच विचारणारी.

"पाहिली," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि उठून गेली.

ह्याला अकरा वर्षं झाली. लोटनला सुरतेत जुन्या गाडीचं काम परत कोणी दिलं नाही. चलथाणच्या बाजूला तो उसाच्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती करतो. मोठ्या मुलीची ठरलेली सोयरीक ह्याच गोष्टीवरून मोडली. रस्त्यात भेटला की अजून थांबतो, "कशा आहात मावशी?" विचारतो. मी "बरी आहे" म्हणते, आणि मी खरंच बरी आहे. माझं काम चाललं, नाव राहिलं, दोन बाया माझ्या हाताखाली शिकून आपापल्या पायावर उभ्या राहिल्या.

बिजागरी मी मोडली. अकरा वर्षं चोर म्हणून जगला तो लोटन.