तोगाशीचे सरळ रकाने

साकाता शहरातल्या बस कंपनीत तोगाशी काझुमासाला कुणी हलू देत नव्हतं. मार्च आला, की नव्या वेळापत्रकासाठी थांब्यांच्या नावांची एक फाइल आणि वेळांची दुसरी, दोन्ही तो संगणकाच्या काळ्या पडद्यावर एका आज्ञेने शेजारी-शेजारी जोडायचा आणि दुसऱ्या आज्ञेने रकाने ओळीत आणायचा. रकाने इतके सरळ, की थांब्यावरचे म्हातारेही बिनचष्म्याने वेळ वाचत. कौतुक फार व्हायचं. आता त्या कौतुकाचा त्याला फास बसल्यासारखा वाटे.

बायको, चिसातो, वडिलांची शुश्रूषा करायला सेंदाईला गेली त्याला दोन हिवाळे झाले होते. तिथे त्याच्यासाठी नोकरीही ठरली होती, पण ती जागा या महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलेली. इथे साहेबांची अट एकच होती: नव्या मोगामीबाईंनी वेळापत्रक एकटीने काढून दाखवावं, मग खुशाल जा.

आज बाईंनी काढलं, आणि तिथेच घोडं अडलं. नव्या थांब्याच्या नावात त्यांनी छोटी रिकामी जागा सोडली होती. रकाने लावणारी आज्ञा रिकामी जागा दिसली की तोडते, म्हणून तिथे नावाचे दोन तुकडे पडले आणि त्या ओळीतल्या सगळ्या वेळा एकेक रकाना उजवीकडे सरकल्या.

साहेब खदाखदा हसले. "बघा! तोगाशीसान गेले, की आमच्या बसगाड्या थेट समुद्रात! अजून एक वर्ष काढा हो."

"बघतो," म्हणून तोगाशीने कळफलक ओढला आणि छोटीच्या जागी जपानी अक्षराएवढी रुंद रिकामी जागा टाकली. तिथे आज्ञा नाव तोडत नाही. तो स्वतः नेहमी तीच टाकायचा. खरं तर आज्ञेला 'रिकाम्या जागी नको, फक्त दोन रकान्यांमधल्या टॅबच्या खुणेपाशी तोड' एवढं बजावलं असतं, तर कुणाचंही काम अडलं नसतं. ओळ सरळ झाली आणि नको असतानाही त्याला बरं वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या गोळ्याचा, कागद सोडवतोय, तोच चिसातोचा फोन आला.

"जमलं का हो त्या बाईंना?"

"नाही. नावातल्या रिकाम्या जागेपाशी अडलं. मीच केलं नीट."

"गेल्या वर्षी तुमच्या हाताखाली शिकायला ठेवलेल्या त्या पोराचंही इथेच अडलं होतं ना? मग त्या बाईंना सांगितलंत का, काय केलंत ते?"

तोगाशी ओनिगिरीचा कागद पुन्हा गुंडाळू लागला. तेवढ्यात मोगामीबाई वही घेऊन दारात आल्या.

"तोगाशीसान, मघाशी तुम्ही नेमकं काय केलंत? लिहून घेते."

सेंदाई त्याला खरंच हवं होतं.

"काही विशेष नाही हो," तो म्हणाला. "तेवढं माझ्याकडेच राहू द्या."

पलीकडे चिसातोने ते ऐकलं. तिने फोन ठेवून दिला.