भिंगरीची सहा मिनिटं

मेंदूचे फोटो काढणाऱ्या त्या मोठ्या मशीनपाशी बसणाऱ्या तंत्रज्ञाला सगळा मजला 'पुतळेमास्तर' म्हणे. मुलांना पुतळ्यासारखं निजवायचं, हीच त्याची नोकरी. प्रकल्प होता चंचल मुलांचा, म्हणजे ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही, त्यांच्या मेंदूत काय चाललेलं असतं ते बघण्याचा. आणि अट काय, तर फोटो काढताना मुलाने तसूभरही हलायचं नाही! मासे कसे पोहतात ते शिकण्यासाठी त्यांना टेबलावर ठेवण्यातलाच हा प्रकार, असं त्याचं जाहीर मत होतं.

"घरात दोन मिनिटं एका जागी बसत नाही हा माणूस," बायको म्हणायची, "आणि पगार घेतो दुसऱ्यांच्या पोरांना गप्प बसवण्याचा."

त्याने प्लायवूडचं एक खोटं मशीन करून घेतलं होतं. त्यात मुलांना निजवून तो खऱ्या मशीनचे ठोके आणि घरघर ऐकवायचा, नाकावर खाज सुटली तर काय करायचं ते शिकवायचा. (काहीच नाही करायचं. हेच तर अवघड!) तरीही दहातली चार मुलं हलायचीच. मग संगणक फोटो बाद करायचा. जे मूल जास्त चुळबुळं, तेच आधी बाद.

त्यातली सगळ्यांत चुळबुळी म्हणजे आठ वर्षांची एक मुलगी. पायाला चाकं लावूनच जन्माला आलेली, म्हणून मास्तराने तिचं नाव ठेवलं भिंगरी. तीनदा आली, तीनदा बाद. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा शिंक, तिसऱ्यांदा तिला मशीनमध्येच एक महत्त्वाचा प्रश्न पडला आणि तो विचारायला ती उठून बसायला गेली. नियम चार खेपांचा. आज चौथी.

तिची आई दर वेळी कामावरून सुट्टी काढून यायची. "दादा, आज जमेल ना? हिच्या शाळेत म्हणतात, वळण नाही लावलं आईने. तुमच्या अभ्यासात एकदा हिचं डोकं धरलं जाऊ दे."

"ताई, आज मी तिला हलूच देत नाही."

आठवडाभर रोज फोनवरून त्याने भिंगरीकडून पुतळ्याची तालीम करून घेतली होती. श्वास मोजायचा, हातपाय जड झाले म्हणायचं, खांदे सोडून द्यायचे.

"काका, आणि डोळे?"

"डोळे उघडे. समोरच्या फुलीकडे बघायचं."

भिंगरी आत गेली. मुख्य फोटो सहा मिनिटांचा होता. मास्तर काचेमागे संगणकावरच्या हालचालीच्या रेघेला डोळे लावून बसला. रेघ सरळ. एक मिनिट, सरळ. तीन मिनिटं, सरळ. इतकी सरळ रेघ त्याने मोठ्या माणसांचीही पाहिली नव्हती. पाचव्या मिनिटाला त्याने उघड्या दारातून आईला खुणेने अंगठा दाखवला. ती बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली होती.

सहा मिनिटं संपली. संशोधन बघणाऱ्या डॉक्टरबाई तेवढ्यात आल्या.

"बघा मॅडम! देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखी!"

बाईंनी रेघ पाहिली नाही. त्यांनी शेजारची छोटी चौकट पाहिली, डोळ्यांवरच्या कॅमेऱ्याची.

"मास्तर, ही झोपलीय."

सहा मिनिटांत त्याने त्या चौकटीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. जागा मेंदू हवा होता, आणि त्याने आठवडाभर शिकवलं होतं अंग सैल सोडायला.

"उठवा, पुन्हा घेऊ. वेळ आहे."

त्याने माइकमधून हळूच हाक मारली. भिंगरी दचकली, अंधारात मशीनच्या नळीत आहोत हे कळताच तिने हातातला, घाबरलं तर दाबायचा रबरी फुगा दाबला, मग लाथा झाडल्या, आणि मग जी बाहेर आली ती परत आत जाईना. मास्तराने पुतळ्याचं, राजाचं, अंतराळवीराचं सगळं सोंग करून पाहिलं.

"काका, तुम्हीच जा ना आत," ती म्हणाली.

बाईंनी कागदावर 'बाद' लिहिलं. मास्तराचा पारा चढला.

"मॅडम, फोटो जमलेल्या मुलांची यादी बघा एकदा. उरलीत ती सगळी गुणी बाळं. आपण चंचल मुलं तपासतोय की शहाण्या मुलांना चंचल म्हणतोय?"

"मला ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला?" बाई थकून म्हणाल्या. "पण हललेला फोटो खोटं बोलतो, मास्तर. आणि झोपलेला वेगळंच काहीतरी सांगतो. लेखी द्या तुमचं म्हणणं. संशोधनाच्या समितीपुढे ठेवते."

बाहेर आईने विचारलं, "धरली का हो हिला यादीत?"

"नाही ताई. चूक माझी. मी तिला फार शांत केलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. "मग दादा, त्या यादीत आहे तरी कोण?"

मास्तराने उभ्या आयुष्यात सुट्टीच्या अर्जापलीकडे काही लिहिलं नव्हतं. दुपारभर बसून त्याने दीड पान लिहिलं, आणि पहिलं वाक्य त्या आईचंच ठेवलं. बाईंनी उभ्यानेच वाचलं, खाली सहीसुद्धा केली.

"समितीची बैठक कधी आहे?" त्याने विचारलं.

"तीन महिन्यांनी."

यादी या महिनाअखेरीस बंद होणार होती.

"तरी पाठवा," मास्तर म्हणाला, आणि पुढच्या मुलाला हाक मारायला गेला.