अण्णांच्या नावाची बाटली

सर्व संबंधितांस – म्हणजे तुम्हालाच, कारण दुसरं कुणी इथे दिसत नाही – गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं की पुढील निवेदन अत्यंत महत्त्वाचं असून ते एका बाटलीविषयी आहे. औषधाची नाही, आणि तुमच्या मनात आली तीही नाही. प्लास्टिकची, पांढऱ्या झाकणाची, बोटभर उंचीची. तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव होतं. आत जे होतं ते मात्र – थांबा, इतक्या लवकर नको.

हे मी असं उघडपणे कधीच सांगितलेलं नाही. इथल्या, चेन्नईच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी वीस वर्षं नाटकं करतोय, माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. हे मात्र सहा वर्षं राहिलं. गेल्या महिन्यापर्यंत बायकोलाही पत्ता नव्हता. आता सांगायला बसलोय तर जीव कसा हलका होतोय – लाज वाटायला हवी ना? वाटतेय. पण त्याहून जास्त बरं वाटतंय, हे कसं लपवू?

तर २००३ साल. आम्ही चेन्नईत, वेस्ट मांबलमला. मी बँकेत, अंबत्तूरच्या शाखेत. घरात मी, बायको नीला आणि अण्णा – माझे वडील, रेल्वेतून निवृत्त, तेव्हा वय त्र्याहत्तर, मधुमेह वीस वर्षांचा. आई आधीच गेलेली. धाकटी बहीण सुधा अमेरिकेत. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते, आणि अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. बाळाच्या बारशाला मी तिथे असणार, एवढं एकच वाक्य ते दिवसातून चारदा म्हणत. दूधवाल्यालाही म्हणत. त्याला मराठी येत नव्हतं.

सुधाच्या नवऱ्याची अट एकच होती: विमा काढल्याशिवाय विमानात पाय ठेवू नका. तिथे एक रात्र दवाखान्यात काढावी लागली तर सगळं घर धुऊन निघतं. म्हणून आम्ही टी. नगरला, साडीच्या दुकानावरच्या मजल्यावर, वरदन नावाच्या एजंटाकडे गेलो. फॉर्मवर ‘आधीपासूनचे आजार’ असा रकाना होता. अण्णांनी तो पुढे ओढला आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात मधुमेह लिहिला, किती वर्षं ते लिहिलं, गोळ्यांची नावं लिहिली, जागा उरली म्हणून कारल्याचा रसही लिहिला. वरदननं मान डोलावली. म्हणाला, लिहिलं ते उत्तम, खोटं कधी लिहू नये. सत्तरीच्या पुढच्यांना हृदयाचा आलेख, रक्त आणि लघवी तपासून द्यावी लागते. रक्ताचा आकडा थोडा वर असला तर चालतो. मग जिना उतरताना मला एकट्याला थांबवून म्हणाला, “सार, लघवीत साखर निघाली तर फाइल मुंबईला जाते. मुंबईला गेलेली फाइल परत आलेली मी अजून पाहिली नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यात घुसलं. दोन वर्षांपूर्वी एकदा अण्णांच्या लघवीत साखर निघाली होती. तिकीट काढलेलं. सुधाचे दिवस भरत आलेले. आणि मी? मी चव्वेचाळीस वर्षांचा ठणठणीत गडी, आदल्या रात्री एका रिसेप्शनला तीन जांगिऱ्या, म्हणजे इकडच्या उडदाच्या जाड जिलब्या, खाऊन आलेला. अण्णांच्या पथ्याची घरात नक्कल करून दाखवणारा. कारल्याचा रस घेताना त्यांचं तोंड कसं होतं, याचा माझा प्रयोग पाहुण्यांत फार गाजलेला होता.

आता तुम्हाला कळलंच असेल. अण्णांनी पहाटे बाटली भरून न्हाणीघराच्या कठड्यावर ठेवली आणि ते फिरायला गेले. मी ती रिकामी केली. नीट विसळली – स्वच्छतेच्या बाबतीत मी काटेकोर आहे. आणि भरली. स्वतः. मग गुणगुणत लॅबमध्ये जाऊन देऊन आलो. अण्णा फिरून परस्पर तिथे आले आणि त्यांनी रक्त दिलं. ते सुईतून समोरासमोर निघतं, तिथे माझी कला चालण्यासारखी नव्हती.

एवढंच असतं तर मी हे मंडळात किस्सा म्हणून कधीच खपवलं असतं.

रिपोर्ट आला. अण्णांचं रक्त एखाद्या संन्याशाला शोभेल असं. आणि लघवीत साखर – तीन अधिक चिन्हं, एकापुढे एक. वरदननं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी शेरा मारला की रक्तात साखर वाढलेली नाही आणि लघवीत भरपूर आहे, हे मूत्रपिंडाच्या दोषाचं लक्षण असू शकतं. पूर्ण तपासणी होईपर्यंत प्रकरण स्थगित. फाइल मुंबईला गेली.

माझ्या लक्षात यायला किती वेळ लागला असेल? तो कागद हातात होता तेवढाच. मधुमेह मला होता. अण्णा वीस वर्षांच्या पथ्यावर पहिल्या वर्गात पास झाले होते आणि मी त्यांच्या नावावर नापास झालो होतो. त्यांनी भरलेली बाटली तशीच नेली असती तर माणूस पंधरा दिवसांत विमानात बसला असता.

तिथेच बोलायला हवं होतं. बोललो का?

मूत्रपिंड या शब्दाचा आमच्या घरात इतिहास आहे. अण्णांचे थोरले भाऊ त्यानंच गेले, दीड वर्ष यंत्राला बांधलेले. अण्णांनी त्यांची उशापायथ्याशी सेवा केली होती. त्यामुळे शेरा वाचल्यावर त्यांनी स्वतःच पथ्य वाढवलं. पालक सोडला, टोमॅटो सोडला, मीठ सोडलं. दूधवाल्याशी बोलणं सोडलं. एके संध्याकाळी मला कपाटापाशी बोलावलं आणि पेन्शनची फाइल कुठली, घराचे कागद कुठल्या पिशवीत, हे दाखवायला लागले. “तुला नंतर शोधाशोध नको.” मी मान हलवत होतो. नीट लक्ष देऊन, गंभीर चेहऱ्यानं, काय सुंदर अभिनय होता तो. एक वाक्य बोललो असतो तर ते कपाट बंद झालं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे दोन गोष्टी एकदम कबूल करायच्या – मी लबाडी केली, आणि ज्या रोगावर मी नकला करत होतो तो मला झालाय. खरं सांगू? लबाडी कबूल करायला मी तयार झालो असतो. दुसरी गोष्ट जड गेली. नकलाकाराला आपली नक्कल होण्याची भीती फार.

मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला पाच आठवडे लागले. दरम्यान सुधाला मुलगी झाली. बारसं फोनवर झालं. अण्णा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून फोनपाशी बसले. पलीकडे बायका पाळणा म्हणत होत्या, मध्येच सुधाचं फोनकार्ड संपलं आणि आवाज तुटला. अण्णा बराच वेळ फोन कानाला धरून होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “नाव काय ठेवलं ते ऐकू नाही आलं रे.”

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. एवढंच केलं.

शेवटी डॉक्टरांनी स्वतःच्या देखरेखीखाली दवाखान्यातच नवा नमुना घेतला, पोटाची सोनोग्राफी केली आणि हसून सांगितलं की मूत्रपिंडं फर्स्टक्लास आहेत. कुणाची तरी बाटली तुमच्या नावावर गेली. अण्णा पाच आठवड्यांत पहिल्यांदा हसले. मला वाटलं, संपलं. सुटलो. पण अण्णा रिक्षात बसल्यावर म्हणाले, “विजय, रिक्षा त्या लॅबवर घे.”

आता मुख्य गुन्हा. आतापर्यंतचं सगळं त्याची प्रस्तावना होती.

लॅबमध्ये नमुने घ्यायला सेल्वी नावाची बाई होती. तिशीची, जाड भिंगांचा चष्मा, शांत. अण्णा तीस वर्षं मद्रासेत राहिले, पण त्यांचं तमिळ भाजीच्या टोपलीपलीकडे गेलं नाही. रागवायचं म्हणजे दुभाषी लागणार. आणि दुभाषी कोण? मीच. अण्णा मराठीत बोलत गेले आणि मी वाक्यावाक्याला तमिळ करत गेलो. तुझ्या निष्काळजीपणामुळे एक माणूस महिनाभर मरण डोळ्यांसमोर धरून बसला होता. माझ्या नातीचं बारसं चुकलं. अण्णांनी बोट उगारलं की मीही उगारत होतो. आतल्या खोलीतून मालक येऊन उभे राहिले.

सेल्वी अण्णांना तात्ता, म्हणजे आजोबा, म्हणायची; ती उलट बोलली नाही. तिनं रजिस्टर उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि मला – फक्त मला – हलक्या आवाजात विचारलं, “सार, बाटली तुम्ही घेऊन आला होता. घरून निघाल्यावर मध्ये कुठे ठेवली होती का? काही बदल झाला असेल का?” आरोप नव्हता त्यात. ती खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होती.

“काय म्हणतेय?” अण्णांनी विचारलं.

“माफी मागतेय,” मी म्हणालो.

अण्णांचा राग उतरला. ते मुळात तसे मऊ. “मग ठीक आहे. म्हणावं, लेबल बघत जा नीट. माणूस अशानं मरतो.” आणि तेही मी तिला तमिळमध्ये सांगितलं. तिच्या डोळ्यांत बघून. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मालकांकडे, आणि रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवसापासून मालकांनी तिला नमुने घेण्यावरून काढून मागच्या खोलीत काचा धुवायला बसवलं. वर्षभर. जाता-येता दारातून दिसायची.

अण्णा पुढे गेले अमेरिकेला, विम्यासकट. नातीला तिसरा महिना लागला होता. सुखरूप परतले, विम्याची गरजही पडली नाही. मी अंबत्तूरला, शाखेजवळच्या लॅबमध्ये, माझी साखर तपासत राहिलो. गोळ्या बँकेच्या खणात. घरी आग्रह झाला की एक जांगिरी सगळ्यांच्या देखत खायची आणि दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं, असा माझा प्रयोग सहा वर्षं चालला.

गेल्या महिन्यात अण्णा पुन्हा निघाले. नात आता शाळेत जाते, आजोबांना बोलावते. वय एकोणऐंशी, तोच रकाना, तशाच तपासण्या. सकाळी त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “तूच नेऊन दे. आणि मालकांच्या हातात दे हो. त्या बाईच्या नको.”

ती बाटली हातात कोमट होती. मी खुर्चीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नीला दारात उभी होती, तिनंही ऐकलं. मध्ये एकही विराम घेतला नाही, एकही नक्कल केली नाही. अण्णा उठले. माझ्या हातातून बाटली काढून घेतली, चपला घातल्या आणि स्वतः लॅबवर गेले. दोन दिवस माझ्याशी अबोला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर कारल्याच्या रसाचे दोन पेले होते. मी माझा प्यायलो. अण्णा माझं तोंड बघत होते. त्या पेल्यानंतर मी जो झोपलो – रविवार होता – तो दुपारपर्यंत. अशी झोप मला सहा वर्षांत लागली नव्हती.

सोमवारी मी सेल्वीकडे गेलो. ती आता पुन्हा काउंटरवर असते, खुर्चीही मोठी आहे. मी माझ्या नावाची, माझ्याच मालाची बाटली पुढे ठेवली आणि वाटेत पाठ करत आणलेलं सगळं तमिळमध्ये सांगितलं – कठडा, विसळणं, तीन अधिक चिन्हं, आणि ती काय विचारत होती नि मी अण्णांना काय सांगितलं, तेही. बाकावर चौघे उपाशीपोटी बसले होते, त्यांनीही ऐकलं. बाटलीवर माझं नाव लिहिता लिहिता तिचा हात थांबला होता. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं,

“अहो सार, मग तेव्हाच मला तमिळमध्ये सांगायचं होतंत ना, तात्तांना कुठे काय कळणार होतं?”