वणव्यातली तुरीगा
बिद्रीकडं उसाचं पाचट पेटलं की त्या धुरानं मला ती सकाळ आठवते. धाकटा भाऊ पोर्तुगालला द्राक्षं तोडायला गेला होता, तिथल्या डोंगराला वणवा लागला आणि त्याचा फोन लागेना. आमच्या लिंगायत घरात दारू चालत नाही. तो तोडायचा त्याच तुरीगा नासिओनाल नावाच्या काळ्या द्राक्षाची वाइन त्यानं सुट्टीत आणली होती, ती कपाटात तशीच होती. आईनं ती मागितली. मी स्क्रूड्रायव्हरनं बूच आत ढकललं, तशी आई बाटलीला नाक लावून रडायला लागली, "त्येच्या हाताला ह्योच वास येत असंल की गं!" मी फोन लावतच राहिले. दुपारी त्याचाच आला, "आई, बाग जळाली. मी हाय." तो अजून तिथंच राबतो, तिकडचा उन्हाळा लागला की मला झोप येत नाही.