कौतिका वहिनीची बांधी

आमगावच्या गाडीने भाचा गोंदियाला उतरला आणि माझ्या दुकानाच्या पायरीवरूनच म्हणाला, "मामा, मोठी मामी गेली जी." मनात पहिला विचार आला तो वेडाच... तळं भरलं, हे आता दादाला कोण सांगणार? महिना उलटला, तो विचार काही जात नाही.

कौतिका वहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. गावच्या तळ्याचं पाणी पाटाला सोडायचं काम दादाकडे होतं. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी, कोणाच्या नंतर, हे दादा ठरवी. आणि दादाचं वहिनी ठरवी, हे गावाला ठाऊक होतं. घाटावर तिचा धुण्याचा दगड होता. त्याच्या माथ्याला पाणी लागलं की तळं भरलं. वरचं पाणी सलंगीवरून, म्हणजे सांडव्यावरून, नाल्याला निघून जाई. आमची बांधी मात्र तळ्याच्या वरच्या काठाला, पाण्याला अगदी खेटून.

एका वर्षी पाऊस रुसला. तळं भरलं ते थेट भादव्याच्या अखेरीस, एका झडीत. धान गर्भात आलेला, आभाळ पुन्हा कोरडं, आणि भरलं तळंसुद्धा पाटाच्या शेवटच्या बांध्यांना पुरणार नव्हतं. सलंगीवरून पाणी अजून वाहत होतं. तिथे ढेकळं रचून ते हातभर चढवलं असतं तर सगळ्यांचं भागलं असतं, पण तेवढ्याने आमचा उभा धान बुडणार होता. सारा गाव सलंगीवर जमून दादाच्या तोंडाकडे बघत राहिला. 'अडव' म्हणायला कोणाची जीभ रेटेना, आणि दादाच्याने हात उचलवेना.

वहिनी धुणं टाकून आली. "काऊन उभे राहिले?"

"आपला धान बुडन ना," दादा पुटपुटला.

"आपला एकाचा बुडन. पाणी गेलं त साऱ्यायचा वाळन!" पदर खोचून पहिलं ढेकूळ तिनेच ठेवलं. मग बाकीच्यांचे हात सुटले. संध्याकाळी पाणी आमच्या बांधीत चढलं, तेव्हा वहिनी तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसून मोठ्याने रडली. धीरगंभीर वगैरे ती मुळीच नव्हती.

गावाचा धान पिकला. लोक एकेक भारा घेऊन आमच्या दारात आले, तर ही कमरेवर हात ठेवून उभी. "भारे ठेवा, आमाले खायाले पाहिजेच. पन एवढ्यानं भागत नाही. उन्हाळ्यात गाड्या घेऊन या, तळ्यातली गाद काढा अन् माझ्या बांधीत टाका."

तसंच झालं. त्या गाळाने बांधी उंच झाली, तळं खोल झालं, आणि सलंगही हातभर चढवून दगडात पक्की बांधली. गावचा जमीनदार, मालगुजार म्हणे, हे मीच केलं; म्हणो बापडा! पाटाच्या शेवटच्या बांधीला आज पाणी पोचतं ते माझ्या वहिनीमुळे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

दगड तेव्हापासून भरल्या तळ्यात बुडतो. वहिनी वरच्या पायरीवर धुणं धुई, पण आधी पाण्यात उतरून पायाने तो दगड चाचपी आणि घरातल्या दादाला ओरडून सांगे, "बुडला जी!"

परवा गावी गेलो. दादा घाटावर नुसता बसून होता. पलीकडे वहिनीच्या बांधीत धान निसवला होता, पाण्याच्या वर, कोरड्या बांध-धुऱ्यांत. मी धोतर आवरून पाण्यात उतरलो. दगड पायाला लागला... गुडघ्याएवढ्या पाण्यात.

"दादा, बुडला," मी म्हणालो.

त्याने डोळे पुसले, खांद्यावर पंचा टाकला आणि पाटाला पाणी सोडायला निघाला.