आर्मेलचा परवाना

प्लुवाझेन गावच्या महिला फुटबॉल संघाच्या जर्सी गेली कित्येक वर्षं आर्मेल केरदॉनकफ धुते. वय अठ्ठावन्न. आठवडाभर शेडमध्ये फ्लॉवरच्या पेट्या भरायच्या, क्लबचे कागद रंगवायचे आणि रविवारी घड्या घातलेल्या जर्सी घेऊन मैदानावर हजर. चाळीस वर्षांपूर्वी हा संघ तिनेच उभा केला. तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले होते, "हौसच असेल तर आमच्या जर्सी धुवा, पोरींनो!" त्यांच्या नाकावर टिच्चून ती वीस वर्षं खेळली. मग गुडघा गेला आणि थांबली.

थांबली असं गावाला वाटत होतं. खरं म्हणजे दर उन्हाळ्यात ती गुपचूप डॉक्टर गिवार्कांकडे जायची आणि खेळाडूच्या परवान्यासाठी तब्येतीचा दाखला मागायची.

"अहो बाई, ह्या गुडघ्यावर तुम्ही जिना चढता तेच पुष्कळ झालं."

"खेळणार कोण आहे? करा सही."

क्लबचे अर्ज तीच भरायची, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. तिला लाजही वाटायची. पोरींना कळलं असतं तर फिदीफिदी हसल्या असत्या. पण 'खेळाडू' ह्या शब्दापुढची चौकट रिकामी सोडायला तिचा हात एकदाही धजला नाही.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी कपडे बदलायच्या खोलीत मोजून सात पोरी होत्या. किमान आठ जणी उभ्या राहिल्या नाहीत तर सामना सुरूच होत नाही, संघ गैरहजर धरतात. मोसमात तसं दोनदा झालेलं होतं. तिसऱ्यांदा झालं की संघ स्पर्धेतून बाद. मग पोरी शहरातल्या क्लबात जाणार, आणि एकदा गेलेल्या पोरी कुठल्या परत येतायत!

कप्तान एनोरा फोन करकरून दमली. "तिघी तापाने आडव्या, दोघी बाप्तिस्म्याच्या जेवणाला, आणि ती सोलेन भवानी फोनच उचलत नाही. संपलं आपलं."

आर्मेलने हातातली घडी खाली ठेवली. "माझं नाव घाल."

"घातलंय की. मदतनीस म्हणून."

"खेळाडू म्हणून घाल."

एनोराने टॅबलेटवरची परवान्यांची यादी खाली सरकवली. आर्मेलचा फोटो आला, शेजारी 'खेळाडू'.

"अगं बाई! लिपस्टिक लावून फोटो काढलाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

आर्मेल कानापर्यंत लाल झाली. "हसा मेल्यांनो, पोटभर हसा. पण आधी मला कुणीतरी बूट द्या."

"तू नुसती कडेला उभी राहा," एनोरा म्हणाली. "पळायचं नाही, कळलं?"

कसलं पळतेय! मध्यंतरालाच तिचा गुडघा सुजून फ्लॉवरच्या गड्ड्याएवढा झाला. समोरच्या संघाने तोवर पाच गोल केले होते. उत्तरार्धात रेफ्री जवळ आला.

"मॅडम, बाहेर जाताय का?"

"मी गेले तर किती उरतात?"

"सात. मग सामना थांबवावा लागेल."

"मग विचारता कशाला?"

शेवटी शेवटी चेंडू आपणहून तिच्या पायाशी आला. तिने डाव्या पायाने तो एनोराकडे सरकवला, अगदी जिथे हवा तिथे. त्यातून काही झालं नाही. पण आर्मेलला इतका आनंद झाला की दुखणंसुद्धा ती घडीभर विसरली.

नऊ-शून्य हरल्या. संघ मात्र राहिला.

खोलीत आल्या आल्या सवयीने ती चिखलाच्या जर्सी गोळा करायला वाकली. एनोराने पिशवी ओढून घेतली.

"सोड. आज मी धुते."

"तुला नाही जमायचं. गरम पाणी घातलंस तर रंग जाईल, सांगून ठेवते."

"खेळाडूने गप्प बसायचं, आर्मेल."

आर्मेलचे डोळे भरून आले. तिने ते लपवलेही नाहीत. एनोराने एकेकीची जर्सी पिशवीत टाकली आणि तिच्यापुढे हात केला.

"आण तुझी."

"नाही देत," आर्मेल म्हणाली. त्या चिखलाच्या जर्सीवरच तिने कोट चढवला आणि लंगडत घरी निघाली. पिशवीत सातच गेल्या.