डावा हात, उजवा हात

आमच्या इंग्रजी उच्चारांच्या वर्गाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. एक किस्सा सांगायला घेतला की त्याला धरून दुसरा बाहेर येतो. घरच्यांना सगळे पाठ झालेत, म्हणून आता तुम्हाला सांगते!

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मुलुंडला एका शाळेच्या खोलीत, संध्याकाळी सहा ते सात, डिमेलो सर आमचा वर्ग घ्यायचे. आम्ही आठ जण, सगळे कमावते किंवा कमवायला धडपडणारे. सरांची पद्धत त्यांची स्वतःची होती. सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या घ्यायच्या. शिप आणि शीप, फिल आणि फील. एकानं शब्द म्हणायचा, समोरच्यानं हात वर करायचा. ऱ्हस्व ऐकू आला तर डावा, दीर्घ ऐकू आला तर उजवा. तोंडानं काही बोलायचं नाही. "कान खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं सर म्हणायचे.

महिन्याभरात हात आमच्या ताब्यात राहिले नाहीत.

पहिली वाट लागली घाटकोपरच्या शहांची. त्यांच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी इंग्रजीतून ठराव वाचत होते. शहा सवयीनं प्रत्येक दीर्घ उच्चाराला उजवा हात वर करत राहिले. वाचन संपलं तेव्हा ते पाण्याच्या टाकीच्या समितीचे बिनविरोध अध्यक्ष झाले होते! पुढची तीन वर्षं टाकी त्यांनीच धुऊन घेतली.

माझंही तेच. मी ऑफिसात टायपिस्ट. साहेब पत्र सांगायला लागले की माझा हात वर. त्यांना वाटायचं, कांबळेबाईंना काहीतरी विचारायचंय. ते थांबायचे. मीही थांबायचे. चार ओळींच्या पत्राला जेवणाची सुट्टी उजाडली. शेवटी त्यांनी मला डोळे तपासून घ्यायला सांगितलं. हाताचा आणि डोळ्यांचा काय संबंध, ते त्यांनाच ठाऊक.

पण वर्गाला खरी गरज होती ती सावंतांना. संपात त्यांची गिरणी गेली. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं. आता अंधेरीच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली होती. अट एकच, इंग्रजी उच्चार स्वच्छ हवेत. चाळिशीचा माणूस पाठ ताठ करून बाकावर बसायचा आणि शिप, शीप म्हणायचा. मला हसू यायचं, आणि मग हसल्याची लाज वाटायची.

घरी त्यांना हात दाखवायला त्यांची बायको, आमच्या वहिनी. भांडुपच्या चाळीत वहिनी मासे तळायच्या, सावंत दारात उभे राहून शब्द म्हणायचे, आणि वहिनींचा झारा कधी डावीकडून, कधी उजवीकडून वर जायचा. त्यात सरांनी पी म्हणताना मेणबत्ती विझली पाहिजे असंही सांगितलेलं. सावंतांनी एका संध्याकाळी अकरा वेळा मेणबत्ती विझवली. शेजारच्या मावशी वाढदिवस समजून ओवाळायला तबक घेऊन आल्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, "ह्यांका इंग्रजीन धरल्यान." मावशींनी तबक ठेवलं आणि अंगारा आणायला गेल्या.

एकदा वहिनी वर्गात आल्या आणि सरच चकित झाले. या बाईला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, पण कान असा की आम्ही आठ जण गोंधळलो तरी त्यांचा हात ठाम. सरांनी त्यांना निकाल देण्याचं काम देऊन टाकलं. फुकटात!

मुलाखत शनिवारी दुपारी होती. सावंतांना धीर यावा म्हणून आम्ही सगळे अंधेरीला गेलो. सर, वहिनी, शहा, मी, झाडून सगळे. कारखान्याच्या साहेबांची केबिन काचेची, वर फटीतून आवाज बाहेर येणारा. आम्ही बाहेर ओळीनं उभे. मी मनात म्हटलं, आता ही जागा गेली तर हा माणूस पुन्हा उभा राहायचा नाही.

आत सावंत वाचू लागले. "प्लीज..." बाहेर नऊ उजवे हात वर. "मिस्टर..." नऊ डावे. सावंत घामाघूम, पण एकही हात चुकला नाही.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. ही माणसं कोण आणि काय करतायत, असं विचारलं. सावंतांनी खरं ते सांगून टाकलं. डावा ऱ्हस्व, उजवा दीर्घ. आम्हाला वाटलं, संपलं.

साहेब आमच्याकडे बघत म्हणाले, "शिप."

सगळे उजवे हात वर गेले.

त्यांनी घसा साफ करून पुन्हा म्हटलं. पुन्हा उजवे. तिसऱ्यांदा शहांनी, माणूस मोठा म्हणून, डावा केला. मीही केला, खोटं कशाला सांगू? वहिनींचा मात्र उजवाच. साहेब उठून काचेजवळ आले. पाणी प्यायले. कोट काढला. बाहेर पुढचे उमेदवार खोळंबले होते. किती वेळा म्हणाले कोण जाणे, शेवटी एकदाचा वहिनींचा डावा हात वर गेला. साहेब खुर्चीत बसले आणि काही न विचारता सावंतांच्या कागदावर सही केली. सावंत बाहेर आले ते थेट वहिनींसमोर उभे राहून रडायला लागले. आम्हीही रडलो.

पुढच्या सोमवारी मागच्या बाकावर एक नवे विद्यार्थी. टाय घडी करून खिशात ठेवलेला. सरांनी त्यांची जोडी वहिनींशी लावली.

साहेब उठून सरांजवळ गेले आणि अगदी हळू म्हणाले, "प्लीज, मला दुसरी जोडी द्या."

वहिनींचा डावा हात वर गेला.